गळ्यातला संगणक

सर कुणाच्याही संगणकापुढं बसायच्या आधी हात धुवायचे. नुसते ओले करून नाही. आमच्या क्लासच्या मागच्या बाजूला पाण्याचा पिंप होता, तिथं जाऊन साबण लावून, कोपरापर्यंत. मग रुमालाला हात पुसत आत यायचे, खुर्ची ओढायचे आणि शर्टाच्या आतून, गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला बांधलेली चामड्याची एवढीशी पिशवी बाहेर काढायचे. ती त्यांनी तळेगाव ढमढेरेच्या बाजारात चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून करून घेतली होती. नव्या मुलांना वाटायचं ताईत आहे. आत पेन ड्राइव्ह असायचा.

हे दोन हजार सहा-सातच्या सुमाराचं. शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, एका बेकरीच्या वर संगणकाचा क्लास होता. अकरा मशिन, दोन पंखे आणि मी. बी.कॉम. होऊन वर्ष झालेलं, घरात स्थळं बघणं सुरू झालेलं. तोवर रिकामं बसायला नको म्हणून मी तिथं टायपिंग आणि बेसिक शिकवायची. सर आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे आणि पुढच्या बॅचना शिकवायचे. बाकीच्या दिवशी ते तळेगावला, शिक्रापूरला, निमोण्याच्या शाळेत आणि शनिवारी दौंडला असत. सगळा प्रवास एसटीनं, नाहीतर वडापच्या जीपनं. पस्तिशीचे होते. लग्न झालेलं नव्हतं. मोबाईल नव्हता, गाडी नव्हती, आणि आश्चर्य म्हणजे स्वतःचा संगणकही नव्हता.

त्यांचं सगळं त्या पेन ड्राइव्हमधूनच चालायचं. लिहायचं सॉफ्टवेअर, तक्ते करायचं, इंटरनेट बघायचं, आवाज रेकॉर्ड करायचं, मराठी फॉन्ट, सगळं त्या बोटाएवढ्या कांडीत. मशिनमध्ये काही घालायचं नाही, काही ठेवायचं नाही. आज कुणाला याचं नवल वाटणार नाही. पण तेव्हा एखादं सॉफ्टवेअर हवं असलं तर सीडी शोधा, ती मशिनमध्ये घाला, अर्धा तास बसून राहा, आणि एवढं करून मराठी अक्षरांच्या जागी चौकोनी डबे दिसायचे. सर मात्र कुठल्याही परक्या मशिनवर दोन मिनिटांत मराठी लिहायला लागत. निमोण्याच्या शाळेतला संगणक इतका जुना होता की त्याला पेन ड्राइव्ह ओळखताच येत नसे. त्याला ओळख पटवून देणारी एक फ्लॉपी सर खिशात घेऊन हिंडायचे, फक्त त्या एका मशिनसाठी.

मी एकदा त्यांना विचारलं, सर, एखादा संगणक घेऊन का टाकत नाही?

"ठेवू कुठं?" ते म्हणाले. मग पेन ड्राइव्ह दाखवत, "आमच्या आबाचं बिऱ्हाड घोड्यावर मावायचं. माझं ह्यात मावतं."

एवढं बोलून ते कामाला लागले. आपण काही विशेष बोललो असं त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हतं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरायचे. पुढं दौंडच्या अलीकडं कॅनॉलचं पाणी आलं, थोरला भाऊ जमिनीत रमला, ऊस आणि झेंडू करायला लागला. सर शिकले. हे मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. स्वतःबद्दल ते एका वेळी एकच वाक्य बोलत.

काम संपल्यावरचं त्यांचं निघणं बघण्यासारखं असायचं. एकेक खिडकी बंद करायची. कोपऱ्यातल्या खुणेवर क्लिक करायचं. आता काढलं तरी चालेल, असा निरोप मशिनकडून पडद्यावर येईपर्यंत वाट बघायची. तो आल्यावरच पेन ड्राइव्हला हात लावायचा. एकदा एका मुलीनं तिचा पेन ड्राइव्ह सरळ उपटून काढला. सर रागावले नाहीत, पण कुणी भरल्या ताटावरून उठून गेल्यावर व्हावा तसा त्यांचा चेहरा झाला. "बाळ, निघू का म्हणून इचारावं," ते तिला म्हणाले. "मग निघावं."

माणसांशीही त्यांचं तेच. क्लासमधून जाताना दारात उभं राहून "येऊ का मग?" म्हणायचे, आणि आतून कुणीतरी "या" म्हणेपर्यंत पाऊल उचलायचे नाहीत. मी फोनवर बोलत असले तर माझा फोन संपेपर्यंत तसेच उभे. त्यांच्या दोन-चार एसट्या तरी माझ्यामुळं चुकल्या असतील. आणि खरं सांगायचं तर पुढंपुढं मी मुद्दाम उशिरा "या" म्हणायला लागले होते.

एकदा कोर्सच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी लिहायचं सॉफ्टवेअर एकाही मशिनवर उघडेना. त्याची मुदत संपली होती. क्लासचे मालक डोक्याला हात लावून पायरीवर बसले. परीक्षा घ्यायला बाहेरून माणूस आलेला. सरांनी हात धुतले, पिशवी काढली आणि आपल्याकडचं सॉफ्टवेअर एकामागून एक अकराही मशिनवर उतरवलं. ते फुकटच मिळणारं सॉफ्टवेअर होतं, त्यात चोरीमारी काही नव्हती. परीक्षा झाली, मुलं पास झाली. मालक पेढे आणायला गेले. परत येऊन बघतात तर सर एकेका मशिनपुढं बसून ते सगळं काढून टाकतायत.

मालक काकुळतीला आले. अहो सर, राहू द्या की, उद्या परत लागणारच आहे.

सर म्हणाले, "परीक्षेपुरतं घातलं हुतं. तुम्हाला न इचारता घातलं, ते काढायला पायजे." अकराही मशिन रिकामी केली, "येऊ का मग?" म्हणून गेले. आणि दुसऱ्या दिवशी, त्यांची पाळी नसताना, तळेगावहून एसटीनं येऊन पुन्हा अकराही मशिनवर घालून दिलं. कारण आता मालकांनी मागितलं होतं.

आम्ही हसलो त्यांना. मालक तर कित्येक दिवस येईल त्याला हा किस्सा सांगायचे. मीही हसले. पण त्या दिवसापासून सरांची पाळी कधी आहे हे मला कॅलेंडर न बघता माहीत असायला लागलं.

दुपारची बॅच सुटल्यावर ते तासभर थांबायचे. एक नंबरच्या मशिनपुढं बसून कानाला हेडफोन लावायचे आणि टाईप करत राहायचे. मध्येच थांबायचे, तेवढाच तुकडा पुन्हा ऐकायचे, ओठ हलायचे. कधी एकटेच हसायचे. पडद्यावर एक फोल्डर उघडं असायचं, त्याचं नाव 'आये'. मी काय चाललंय म्हणून विचारलं तर म्हणायचे, घरचं काम. दुसऱ्या कुणी विचारलं तरी तेच. मला त्या हेडफोनचा हेवा वाटायचा. आता लिहायला सोपं जातं, तेव्हा मी स्वतःशीसुद्धा हे कबूल केलं नसतं.

श्रावणातली गोष्ट. सर असेच हेडफोन लावून बसले होते आणि क्लासचा फोन वाजला. दौंडहून होता, सरांसाठी. त्यांनी ऐकून घेतलं, एकदाच "व्हय" म्हणाले, फोन ठेवला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, आई पडली. पायात चप्पल अडकवली आणि जिना उतरून गेले. "येऊ का मग?" म्हणाले नाहीत. पेन ड्राइव्ह मशिनला तसाच. मी खिडकीतून हाक मारली तर गल्लीतून वर बघत म्हणाले, "मॅडम, तुम्ही काढून ठेवा."

मी तो काढला. त्यांच्याच पद्धतीनं, निरोपाची वाट बघून. पिशवीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. दोन दिवस तो तिथं होता. तिसऱ्या दिवशी दुपारी क्लासमध्ये कुणी नव्हतं, आणि मी तो काढून कोपऱ्यातल्या चार नंबरच्या मशिनला लावला. चार नंबरच का, तर तिथं बसलं की दारातून दिसत नसे, आणि सीडी करायची सोय त्याच मशिनला होती. 'आये' हे फोल्डर जसंच्या तसं मी एका कोऱ्या सीडीवर उतरवून घेतलं. मला काय हवं होतं ते आजही नीट सांगता येत नाही. ते बसायचे त्या जागी थोडा वेळ बसून बघावं, असं काहीतरी. सीडी झाल्यावर त्यातली पहिली फाईल लावली. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. ती मेंढरांना बोलावत होती. जिभेनं टाळूला लावून काढलेला तो आवाज, मग लांबवलेली हाक, मग पुन्हा तो आवाज. मला एकदम असं वाटलं की मी कुणाच्या तरी घरात न विचारता शिरले आहे आणि ती बाई पाठमोरी आहे. मी बंद केलं.

त्याच दिवशी सकाळी मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो बघायला म्हणून एका फोटो स्टुडिओतून आणलेला पेन ड्राइव्ह मी त्याच चार नंबरला लावला होता. त्यातून व्हायरस आला होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सर दहा दिवसांनी आले. आईला अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला होता, उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. मी त्यांना पिशवी दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि गळ्यात घातली. मी आईंची चौकशी केली. ते म्हणाले, "सगळं समजतं तिला. बोलता येत न्हाई."

त्यानंतर ते थांबेनासे झाले. हेडफोन लावेनासे झाले. तो आवाज ऐकणं त्यांना जड जात असणार. म्हणून पुढचे तीन आठवडे त्यांना काही कळलंच नाही. ते पूर्वीसारखेच गावोगावच्या मशिनला पेन ड्राइव्ह लावत राहिले, आणि तो व्हायरस त्यांच्याबरोबर एसटीनं फिरत राहिला. तो गाण्यांच्या, आवाजाच्या फायली शोधून शोधून पुसायचा. शेवटी दौंडच्या ज्या इंटरनेट कॅफेत ते शनिवारी जात, तिथल्या मालकाची जमवलेली सगळी गाणी गेली. त्या मालकानं मागं जात जात शोध घेतला तेव्हा सरांचं नाव निघालं. सरांनी तिथंच बसून आपलं फोल्डर उघडलं. टाईप केलेली वीस-पंचवीस पानं होती. आवाज एकही नव्हता.

कुणी म्हणेल, संगणक शिकवणाऱ्या माणसानं दुसरी प्रत ठेवू नये? ठेवली होती. एक सीडी होती, दौंडजवळच्या त्यांच्या वाडीवर, घराच्या खिडकीत. वर्षभर उन्हात तापून ती वाचेनाशी झाली होती.

मग सरांनी जे केलं ते त्यांनाच सुचावं. पुढच्या आठवड्यात ते जिथं जिथं जाऊन आले होते तिथं तिथं पुन्हा गेले. निमोण्याची शाळा, शिक्रापूरचे दोन क्लास, तळेगावचं झेरॉक्सचं दुकान, सगळीकडं. आपल्यामुळं तुमच्या मशिनला बाधा झाली असं तोंडानं सांगायचं, मशिन साफ करून द्यायचं, ऐकावं लागेल ते ऐकून घ्यायचं. शिक्रापूरला एकानं चार पोरांदेखत त्यांचा अपमान केला, असं मागून कळलं. आमच्याकडं ते शेवटी आले. मालक होते. सरांनी सगळं सांगितलं; ऐकता ऐकता मला स्टुडिओतून आणलेला तो पेन ड्राइव्ह आठवला. मालक मनानं वाईट नव्हते, पण घाबरट होते. त्यांनी त्याच दिवशी सगळ्या मशिनच्या पेन ड्राइव्हच्या खाचांवर चिकटपट्ट्या लावल्या आणि सरांना म्हणाले, काही दिवस नका येऊ.

मालक खाली गेल्यावर सर माझ्याजवळ आले. म्हणाले, "मॅडम, तुमच्या बॅचचा खोळंबा झाला माझ्यापायी." आणि मग आईच्या आवाजाचं सांगितलं. पहिल्यांदाच ते सलग इतकं बोलले. मेंढरांना बोलवायच्या, हाकायच्या, पाण्यावर थांबवायच्या वेगवेगळ्या हाका आहेत. भावाची पोरं आता ऊसवाली झाली, त्यांना त्यातलं काही येत नाही. आईबरोबर जाईल सगळं, म्हणून भरून ठेवलं होतं.

चार नंबरचं मशिन आमच्यापासून चार हातांवर होतं. सीडी माझ्या पर्समध्ये होती. मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "वाईट झालं, सर."

ते दारात जाऊन उभे राहिले. "येऊ का मग?"

"या," मी म्हणाले. त्या दिवशी लगेच म्हणाले.

मी गप्प बसले ते भीतीनं. सांगितलं तर ते परत माझ्याकडं बघणार नाहीत, ही भीती. पण न सांगूनही ते यायचे थांबलेच होते. मंगळवार आले, गेले. शुक्रवार आले, गेले. दिवाळीनंतर आमच्या घरात एका स्थळाचं जमत आलं. मुलगा पुण्याचा, चांगल्या नोकरीत. माणसं रविवारी बोलणी करायला येणार होती. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी घरी क्लासला जाते म्हणून सांगितलं आणि न्हावऱ्यामार्गे दौंडला जाणाऱ्या एसटीत बसले. सीडीची एक प्रत मी करून घेतली होती, दोन्ही पर्समध्ये होत्या.

मला वाडीचं नाव माहीत नव्हतं. म्हणून दौंडला उतरून आधी तो कॅफे शोधला. सरांचं नाव काढल्यावर मालक हसला. गाणी गेल्याचा राग केव्हाच ओसरला होता. त्यानं मला शेवटची केबिन दाखवली आणि म्हणाला, तिथं बसायची म्हातारी. शनिवारच्या शनिवारी सर तिला एसटीनं घेऊन यायचे, डोक्यावरचा पदर सरकवून हेडफोन घालायचे, तोंडापुढं माईक धरायचे. म्हातारी पहिल्यांदा कुजबुजायची. मग तिला वाटायचं एवढ्या बारीक आवाजाला मेंढरू काय वळणार, आणि ती खच्चून हाक द्यायची. चॅटिंग करणारी कॉलेजची पोरं खुर्चीवरून उडायची. एकदा तर रेल्वे कॉलनीतले दोघं कुणाला काय झालं म्हणून आत आले होते. सांगताना तो पोट धरून हसत होता. मग हसणं आवरलं आणि मला वाडीचा रस्ता सांगितला.

वाडी फाट्यापासून आत होती. झेंडूचा तोडा चालला होता. सर पाटी घेऊन बांधावरून येत होते, मला बघून थांबले. पाटी खाली ठेवली. काय झालं असेल याचा त्यांना अंदाज येईना, म्हणून नुसते बघत राहिले. मला घरात जाऊन, पाणी पिऊन, मग सांगणं जमलं नसतं. मी तिथंच बांधावर सांगून टाकलं. तुम्ही गेल्यावर मी तुमचा पेन ड्राइव्ह लावला. तुमचं फोल्डर उतरवून घेतलं. व्हायरस माझ्याकडून गेला. तुम्ही गावोगाव जाऊन माफी मागितलीत ती माझ्या चुकीची.

त्यांनी हाताला चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्या झटकल्या. मग विचारलं, "कुठल्या मशिनला लावला?"

"चार नंबर."

त्यांनी मान हलवली. कारण सापडल्याचं जणू बरं वाटलं. मग म्हणाले, "मला इचारायला पायजे हुतं, मॅडम."

"विचारलं असतं तर दिलं असतंत?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाई. न्हाई दिलं," ते म्हणाले. आणि माझ्या हातातल्या सीडीकडं बघत, हळू, "मग आज हे बी नसतं."

घरात ऐकायला काही नव्हतं. पण भावाच्या ट्रॅक्टरला सीडीचा टेप होता, मागं दोन मोठे स्पीकर. भावानं ट्रॅक्टर अंगणात आणून उभा केला. दोघांनी मिळून आईची बाज उचलून बाहेर ठेवली. अंगानं वाळलेली, कपाळावर गोंदण, डोळे मात्र तरतरीत. सर तिच्या उशाशी बसले आणि भावानं टेप चालू केला.

पहिली हाक आली तशी कुंपणाशी बांधलेली पाच मेंढरं एकदम उभी राहिली. म्हातारीला करमत नाही म्हणून तेवढी ठेवली होती. त्यांनी माना वर केल्या आणि दावी ताणून बाजेकडं यायला लागली. त्यातली एक ओरडली. म्हातारीनं स्पीकरकडं बघितलं, मेंढरांकडं बघितलं, मग सरांकडं. चेहऱ्याची डावी बाजू हसली. चालता हात तिनं उचलला आणि सरांच्या डोक्यावर ठेवला, केस ओढल्यासारखे केले. सर मान खाली घालून बसले होते. भाऊ ट्रॅक्टरच्या पलीकडं गेला, तिकडंच काहीतरी करत राहिला. दोन फायली झाल्यावर म्हातारी दमली, डोळे मिटून पडली, पण टेप बंद करायला गेलं की हातानं नको म्हणायची.

सर मला फाट्यापर्यंत सोडायला आले. एसटीला वेळ होता. मी म्हणाले, माझ्याकडं अजून एक सीडी आहे, तीही तुम्हाला देऊन टाकते. पर्स उघडली सुद्धा.

"राहू द्या," ते म्हणाले. "दोन ठिकाणी असलेलं बरं." रस्त्याच्या कडेचा एक खडा त्यांनी पायानं जरा इकडं, जरा तिकडं केला. "तुम्ही ऐकलं का सगळं?"

मी म्हणाले, नाही, एकच ऐकली, तीही अर्धी.

"मग सवडीनं ऐका," ते म्हणाले. "समदं ऐका. ऐकून झालं की सांगा मला."

मी हो म्हणाले. मला वाटलं, मेंढरांच्या हाकांबद्दल माझं मत हवं आहे. उद्या माझी बोलणी आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायचं ठरवून गेले होते. एसटी आली.

मी ऐकलं नाही. घरी संगणक नव्हता, आणि क्लासमध्ये त्या चार नंबरपुढं बसून ऐकणं मला शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोलणी झाली, फाल्गुनात लग्न झालं. वाडीच्या पत्त्यावर पत्रिका पाठवली. सर आले नाहीत. पुढं कळलं की ते बारामतीकडं कुठल्याशा शाळेत लागले, आई गेली, मग त्यांनीही लग्न केलं. क्लास बंद पडला. मी पुण्यात आले, माझा संसार चांगला चालला आहे, नवरा सरळ माणूस आहे, यात काही खोटं नाही. सीडी कपाटात साड्यांच्या मधे राहिली. सहा वर्षं.

लॅपटॉपना आता सीडीची खाच नसणार, असं घरात बोलणं निघालं तेव्हा मला तिची आठवण झाली. एका दुपारी मुलीला शाळेत सोडून आले आणि जुन्या लॅपटॉपवर ती लावली. तेवीस फायली होत्या. क्रमानं ऐकत गेले. हाका, मेंढरांची नावं, पावसाळ्यात कुठल्या बाजूला उतरायचं, लंगडं कोकरू घोड्यावर कसं बांधायचं. सर मधेमधे काहीतरी विचारतात, म्हातारी सांगते. सांगताना तिला मधेच दम लागतो, त्याची मला हळूहळू सवय झाली.

एकविसाव्या फाईलमध्ये ती एका बांड्या मेंढीचं सांगत असते. सांगता सांगता थांबते आणि म्हणते, "त्या शिरूरच्या बाईचं काय केलंस?"

सर म्हणतात, "कोन बाई?"

"जिचं नाव सारखं तुझ्या तोंडात असतं ती."

खुर्ची करकरते. "आये, हे चालू हाय," सर म्हणतात. "ह्यात समदं ऐकू येतं."

"यीऊ दे की ऐकू," म्हातारी म्हणते. "आलं तर बरंच हाय."

मी थांबवलं नाही, ऐकत राहिले. पुढं नुसता कॅफेतला पंखा फिरताना ऐकू येतो. दौंडच्या यार्डात एक इंजिन शिट्टी देतं. मग सर आईला विचारतात, पाणी पितीस का, आणि ती व्हय म्हणते.